हाती आहेर

खारगोठी, तालुका अलिबाग
१२ फेब्रुवारी १९५८

रंगू,

"माज्या आयेचा धवला असा न्हाय," असं तू भर मांडवात म्हणाली होतीस. धर्माजी पाटलाच्या लेकीची हळद होती. मी धवलारणीच्या पाटावर बसून लग्नाचा धवला गात होते, तू मागच्या बायकांत उभी होतीस, आणि तुझा आवाज माझ्या आवाजावरून पलीकडे गेला. त्या संध्याकाळी तू रेवसची लाँच धरून लालबागला गेलीस, ती पुन्हा माहेरच्या गावात आली नाहीस. आम्ही सगळ्यांनी म्हटलं, हेवा. आयेने धवला लेकीला दिला नाही, सुनेला दिला, त्याचा हेवा. मीही तेच म्हटलं.

आज लिहायचं कारण एवढंच की तू खरं बोलली होतीस.

मी रडतकुढत लिहायला बसलेले नाही, हे आधीच सांगते. तुझ्या आयेचे दात काही मी पाडले नव्हते. दातांचं काय ते पुढे येतंच आहे.

अंबाजीभावोजी, पत्र तुम्हीच तिला वाचून दाखवणार, म्हणून तुम्हालाही एक सांगणं. मोठ्याने वाचा. तिला राग येईल अशा जागी खोकून गाळू नका. ती ओळखते.

आणि माझी भाषा ऐकून हसू नकोस, रंगू. बोलताना मी अजून तुझ्यासारखंच बोलते. पण लिहायला मला तुझ्या भावाने शिकवलं. मास्तरांकडे शिकलेला हात कागदावर आला की आपोआप शाळेत गेल्यासारखा वागतो.

तर गेल्या आठवड्यात चांगदेवच्या मुलाची हळद होती. मी पाटावर, माझ्या उजव्या हाताला बायजा. मी ओळ टाकायची आणि बायजाने ती झेलायची, हे आयेच्या वेळेपासूनचं. तू मुंबईला गेलीस तेव्हाच बायजाच्या तोंडात एकही दात नव्हता. तिच्या झेलण्यात सूर पक्का असायचा, शब्द म्हणून काही नसायचं. पण दिवाळीला तिचा थोरला तिला मुंबईला घेऊन गेला आणि कवळी बसवून घेऊन आला. म्हातारी महिनाभर गावात दात दाखवत फिरत होती. कोणाच्या दारात गेली की विचारायची, "ऊस हाय का गो?"

मी नेहमीसारखी ओळ टाकली: आधी बोलवा हाती आहेर.

बायजाने झेलली. स्वच्छ, ताशावर काठी पडावी तशी: आधी बोलवा साती आसरा.

मी थांबले. मी थांबले म्हणून हळद लावणाऱ्या बायका थांबल्या.

"बायजा, काय म्हटलंस?"

"त्याच. रोजच्या सारका."

"रोज आपण हाती आहेर म्हणतो."

"तू म्हनत आसशील. मी न्हाय कंदी म्हटला. साती आसरा. तल्यावरच्या सात जनी, पान्याच्या देवी. तुजी सासू त्याच म्हनायची."

"मग इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस?"

"मना वाटला तूपन त्याच म्हनतेस. मना आयकाला कमी येतं न्हाय का."

मांडवात हशा पिकला. मीही हसले. घरी आल्यावर मात्र चुलीपुढे बसून राहिले. मी लग्न होऊन आले तेव्हा मिसरीने आयेचे पुढचे दात गेलेले होते. मी जे शिकले ते हिरड्यांतून आलेलं. साती म्हटलं की हाती ऐकू यायचं. आसरा म्हटलं की आहरा. विचारायची सोय नव्हती, कारण आयेचा नियम होता, धवला घ्यायचा, त्याचा अर्थ विचारायचा नाही. आहरा म्हणजे काही नसतं, म्हणून माझ्या मनाने ते आहेर करून घेतलं. तू मात्र लहानपणी तिच्या कुशीत झोपून ऐकत होतीस, तिच्या तोंडात दात होते तेव्हापासून.

आता कळव. आणखी कुठे कुठे धवल्याचे दात पडलेत?

मनू


२ मार्च १९५८

रंगू,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, मी लिहिते.

तू गेल्यावर इथे काय काय रीत झाली ते तुला ठाऊक नसेल. पाटलाच्या लेकीच्या हळदीला तू रिकाम्या हाताने आली होतीस, गिरणी बंद होती. पाटलीणबाईंनी तुला कोपराने मागे सारलं आणि म्हणाल्या, "जरा मागं व्हा, आहेरवाल्यांना येऊ द्या." मी डोळे मिटून गात होते, मला ते नंतर समजलं. तेव्हा ते एका बाईने केलं होतं. आता सगळा गाव करतो. ती ओळ आली की आहेराचं ताट घेतलेली माणसं पुढे, बाकीची मांडवाच्या कडेला. धर्माजीभाऊ स्वतः उभे राहून बोट दाखवून माणसं लावतात. म्हणतात, धवल्यातच सांगितलंय, ज्याच्या हाती आहेर तो आधी.

माझ्या आवाजावर ही रांग लागते.

गेल्या पावसात समुद्राकडचा बांध फुटला. खालच्या आळीच्या सगळ्या शेतांत खारं पाणी शिरलं, भाताचा दाणा हाती लागला नाही. या हंगामात त्या आळीतली एकही बाई हळदीला आली नाही. कोणाला ताप, कोणाचा पाय मुरगळलेला. एवढे पाय एकाच आळीत कसे मुरगळतात, असं मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "तू गाणं म्हणणार की मोजणी करणार?"

मांडवाच्या मेढीजवळ आपण तळ्यावरच्या पाण्याची भरलेली घागर ठेवतो, आठवतं? तिचं काही केलं जात नाही. लग्न लागेपर्यंत ती तिथे असते आणि शेवटी केळीच्या बुडाशी ओततात. का ठेवतात, कोणी सांगू शकत नव्हतं. आता मला वाटतं, ती घागर म्हणजेच त्या सात जणी. आपल्या या खाऱ्या जमिनीत गोड्या पाण्याला पहिलं बोलावणं होतं. माणसांचा नंबर त्यानंतर, आणि सगळ्यांचा एकदमच. आपण त्या सात जणींना मांडवात आणून बसवत होतो आणि नाव घेत होतो धर्माजीभाऊंच्या ताटाचं.

मी गावकीच्या बैठकीला गेले. बायका जात नाहीत, तरी गेले. शाळेच्या पडवीत बैठक होती आणि शाळा माझ्या नवऱ्याची, त्यामुळे कोणी काही बोललं नाही.

धर्माजीभाऊ म्हणाले, "मनुबाय, येका कवलीपाई गावाची रीत मोडाची?"

"रीत कवळीच्या आधीची आहे, भाऊ."

"मंग इतकी वर्सा लागली ती लग्ना काय खोटी?"

"लग्नं खरी. ओळ खोटी."

"तुज्याच तोंडची ना ती?"

"म्हणून तर मीच सांगायला आले."

माणसं हसली. धर्माजीभाऊही हसले, ते वाईट नाहीत. त्यांना फक्त पुढे उभं राहायची सवय झाली आहे. मग मी म्हटलं, वैशाखात आमच्या सदाचं लग्न आहे. नवऱ्यामुलाची आई म्हणून मी त्यात धवला म्हणू शकत नाही, तशी रीतच आहे. त्या दिवशी पाटावर दुसरी कोणी बसेल, आणि ती बसली की मी पुन्हा त्या पाटावर बसणार नाही. पाट तिचा.

"कोनाचा?"

"रंगूचा."

"ती लालबागची? ती आता गिरनीच्या भोंग्याचा धवला म्हनंल."

"भोंगा तरी वेळेवर वाजतो, भाऊ."

पुष्कळ बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं. रंगू आयेच्या पोटची. ती सदाच्या हळदीला पाटावर येऊन बसली, तर ती म्हणेल ती ओळ गाव मानेल. ती आली नाही, तर आहे ती ओळ राहील आणि पाटावर धर्माजीभाऊंची सून बसेल. ती पोर माझ्याकडेच शिकते आहे. गोड गाते. हाती आहेर तर इतकं सुंदर म्हणते की ऐकत राहावं.

म्हणून आता हे तुझ्यावर आहे.

मनू


२३ मार्च १९५८

रंगू,

तुमचं कार्ड मिळालं. "पत्रे पोचली. रंगू म्हणते, सूनच राहू दे. लेक जाते." अंबाजीभावोजी, अक्षर तुमचं आहे पण चिमटा तिचा आहे, मी ओळखला.

"लेक जाईल, सून ऱ्हाईल." आये हे मला म्हणाली तेव्हा तू माजघराच्या दाराआड होतीस. तुझ्या बांगड्या वाजल्या होत्या. त्या दिवसापासून तू माझ्याशी नीट बोललीस, कामं केलीस, माझ्या बाळंतपणात रात्रंदिवस उठलीस, पण माझ्यासमोर पुन्हा एकदाही गायली नाहीस. मला आये तेव्हा बरोबर वाटली. आजही तिचा हिशेब चुकला असं मी म्हणणार नाही. लेक खरंच गेली, सून खरंच राहिली. आयेने एवढंच लक्षात घेतलं नाही की धवला तर लेकीबरोबर आधीच गेला होता. मागे राहिला तो त्याचा आवाज.

तू कार्डात विचारलं नाहीस, पण तुझ्या मनात येईल ते मी सांगते. वहिनीला ओळ कळली आहे तर वहिनीनेच ती म्हणावी, मला कशाला बोलावते?

मी म्हणून पाहिली. घरात म्हटली, तळ्यावर म्हटली, भात निवडताना म्हटली. बरोबर येते. मग आपटवाडीला एक हळद होती तिथे बसले. बाहेरच्या गावात सुरुवात करावी असं ठरवलं होतं. ओळ जवळ आली, मी मनात साती आसरा धरून ठेवलं, आणि तोंडातून हाती आहेर बाहेर पडलं. बायजाने शेजारून कवळी वाजवली. माझं तोंड आता त्या चाकोरीचं झालं आहे. आणि समजा एखाद्या दिवशी जमलंही, तरी गाव म्हणेल, मास्तरणीने पुस्तकातून काढून बदलली. तुझ्या तोंडून आली तर कोणी काही म्हणू शकत नाही. तू मांडवात उभी राहून एकदा सांगितलेलंच आहेस.

शाळेत अलिबागच्या एक नव्या बाई आल्या आहेत. त्यांनी विचारलं, "धवलारीण म्हणजे नक्की काय हो?" मी म्हटलं, तुमच्यात लग्न लावायला भटजी असतो ना, तशी आमच्यात बाई असते. त्या म्हणाल्या, "अगबाई, मग केवढा मान, आणि तुम्ही तो सोडता?"

मी घरी येताना त्याचा विचार केला. मानाचं म्हणशील तर मला भरपूर मिळाला. या गावातल्या किती पोरी माझ्या आवाजावर सासरी गेल्या. काहींच्या लेकीही गेल्या. सुरुवातीला पाटावर बसले की माझे हात गार पडायचे आणि मला वाटायचं, आता सगळ्यांना कळेल की ही जागा दुसऱ्या कोणाची आहे. पुढे हात गार पडायचे थांबले. मला वाटलं, जागा माझी झाली. आता मागे पाहते तर वाटतं, मी ती जागा चांगली सांभाळली, झाडून पुसून ठेवली, थंड होऊ दिली नाही. एवढं सगळ्यांना जमत नाही. मला त्याचा अभिमान आहे, आणि म्हणूनच ती द्यायला मला हात आखडत नाही.

तुझी दया येऊन मी बोलावते असं समजू नकोस. मला तुझा आवाज हवा आहे.

एकदा श्रावणात तू तळ्याच्या काठावर एकटी होतीस. लावणी संपली होती, तू पाय धूत होतीस आणि आयेचा धवला म्हणत होतीस, तोंडातल्या तोंडात. मी डोक्यावर चिखलाची टोपली घेऊन बांधावर उभी होते. टोपली खाली ठेवली तर आवाज होईल म्हणून तशीच उभी राहिले. मान अवघडली. शब्द मला तिथून कळत नव्हते, नाहीतर एवढी वर्षं गेलीच नसती. पण सूर कळत होता. मी तेव्हा नवी सून होते आणि पाट मला मिळणार हे ठरलं होतं. तुला ऐकल्यावर मी घरी जाऊन आयेला म्हटलं, "रंगू माज्यापक्षी चांगली म्हनते." आये म्हणाली, "म्हाईत हाय." एवढंच. तुझ्या आयेला ते माहीत होतं, रंगू. हे तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगते.

पुढच्या आठवड्यात सदा अक्षत घेऊन मुंबईला येतोय. भाच्याला दारातून परत पाठवू नकोस. जिताड्याचं कालवण त्याला आवडतं, पण मुंबईत जिताडा कुठून मिळायचा. बोंबील चालतील.

मनू


११ एप्रिल १९५८

रंगू,

सदा परत आला. बोंबील आवडले. तू त्याला दारातून परत पाठवलं नाहीस, उलट दोन दिवस ठेवून घेतलंस आणि त्याच्या बुशकोटाचं बटण लावून दिलंस. "आत्या माज्याशी कमी बोल्ली, पन सारका बघत व्हती," असं तो म्हणाला. तो मास्तरांसारखा दिसतो, तुझा भाऊ त्या वयाचा होता तसा. म्हणून बघत असशील.

तुझा निरोप त्याने जसाच्या तसा सांगितला. पडवीत उभा राहून, तुझ्यासारखी मान वाकडी करून. "सांग तुज्या आयेला, येतेय. पाटावर बसते. पन पयला आहेर माजा. धर्माजीच्या म्होरं ठेवीन, त्याचे डोले दिपले पायजेत."

मी ऐकून चुलीपाशी गेले आणि तवा तापलेला नसताना भाकरी टाकली. मास्तर म्हणाले, "कच्ची खायची का आज?" मी म्हटलं, खा.

तू येतेस. मी घर सारवून घेतलं आहे. बायजाला कळवलं तर ती म्हणाली, "रंगू येत्ये? मंग मी कवली घासून ठेवते." तुझ्या शेजारी तीच बसेल. तुझी ओळ झेलायला ती अजून पक्की आहे, आणि आता तर शब्दांसकट. खालच्या आळीत मी स्वतः अक्षत घेऊन गेले. दारोदार सांगितलं, रंगू धवला म्हणणार आहे, आयेचा, दात असतानाचा. एक म्हातारी म्हणाली, "आमी कडंला उभ्या ऱ्हाऊ." मी म्हटलं, कडेला उभं राहू नका, बघा काय होतं ते.

मग सदाने बाकीचं सांगितलं. नवरीसाठी तू पैठणला सांगून पैठणी आणवली आहेस. सदासाठी अंगठी केली आहेस. चांदीचं ताट घेतलं आहेस ते ठेवायला. अंबाजीभावोजींनी त्याला सगळं पेटीतून काढून दाखवलं. तू म्हणालीस, "हात लावू नको, बोटाचे डाग पडतील." रंगू, हे एका वर्षात जमलेलं नाही. त्या संध्याकाळी लाँचमध्ये बसलीस तेव्हापासून तू ते जमवत आली असशील. मी त्याची चेष्टा करत नाही. मी तुझ्या जागी असते तर हेच केलं असतं, आणि ताट आणखी मोठं घेतलं असतं.

आता मी काय सांगते ते शांतपणे ऐक. भावोजी, इथे सावकाश वाचा.

तू ती पैठणी आणि ती अंगठी चांदीच्या ताटात घेऊन मांडवात शिरलीस, की धर्माजीभाऊंचे डोळे दिपणार नाहीत. ते खूश होतील. ते हात जोडून पुढे येतील, माणसांना बाजूला करतील, आणि तुला सगळ्यांत पुढे नेतील. ती भाषा त्यांना येते. खालच्या आळीच्या बायका ते बघतील आणि आपापल्या पावलांनी कडेला सरकतील. मग तू पाटावर बसशील, सूर लावशील, तुझं तोंड साती आसरा म्हणेल आणि तुझे हात हाती आहेर म्हणतील. गाव हातांचं ऐकेल. आयेचे दात परत येऊनही ओळ तीच राहील.

मी तिथे तुझ्याजवळ नसेन. मी नवऱ्यामुलाची आई, माझी जागा आतल्या बाजूला. तुला खूण करायलाही मला येता येणार नाही. म्हणून आताच सांगते.

ती पेटी घरी ठेव. पोरांना नंतर दे, दसऱ्याला दे, नातू झाल्यावर दे, मी अडवणार नाही. त्या दिवशी मांडवात पुढच्या बाजूने शीर. पाटलीणबाईंनी तुला कोपर लावलं होतं त्याच जागेवरून ये. कोणी मागे व्हायला सांगितलं तर होऊ नकोस. मेढीजवळच्या घागरीपाशी ये आणि बस. हात मांडीवर उघडे ठेव, सगळ्यांना दिसतील असे.

तू ऐकणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. भावोजी हे वाचत असतानाच तू उठून मोरीत गेली असशील आणि भांडी जोरात घासायला लागली असशील. इतकी वर्षं तू त्या रिकाम्या हातांची लाज बाळगलीस, आणि मी नेमके तेच हात पुन्हा मागते आहे. माझ्या जागी दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती, तू येतेस यातच समाधान मानलं असतं. मला ते जमत नाही. पाट देताना मी हात आखडला नाही, मग मागताना कशाला आखडू?

रंगू, रिकाम्या हाताने ये.

मनू